दुसरा डबा हवा की नको

मावशीच्या घरात जेवताना दोन विषय काढायचे नाहीत असं ठरलेलं होतं. एक, मुंबई कोणाची. दुसरा, ग्रामोफोनला प्रीअँप्लिफायर लागतो की नाही. पहिल्यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं, त्यामुळे तो निघाला तरी चालून जायचा. दुसऱ्यावरून मात्र भरल्या ताटावरून माणसं उठलेली मी पाहिली आहेत.

मी पंचावन्न सालच्या जूनमध्ये कॉलेजसाठी ठाकुरद्वारला मावशीकडे राहायला आले. तोवर प्रीअँप्लिफायर हा शब्द मी ऐकलाही नव्हता. वर्ष संपायच्या आत तो मला माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकावा लागला.

माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, कमलाकांत मानकर. परळच्या एका गिरणीत विव्हिंग मास्टर होते. त्यांचे आजोबा सचिवालयात, वडील कस्टममध्ये. सगळं घराणं टेबलखुर्चीवरचं. यांनी एकट्यांनी कापडाचा डिप्लोमा घेतला आणि साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जाऊन उभे राहिले. घरच्यांना ते फारसं रुचलं नव्हतं, पण काकांना मागांचं वेड होतं. शेकडो माग एकाच वेळी खडाखडा चालताहेत अशा त्या खात्यात त्यांनी वीस-बावीस वर्षं काढली. संध्याकाळी ट्रामने घरी यायचे, आंघोळ करायचे, परीटघडीचा सदरा घालायचे आणि ग्रामोफोनपाशी बसायचे. नाट्यपदं, ख्याल, जुन्या बायांच्या ठुमऱ्या. त्यांच्याजवळ कपाटभर रेकॉर्डी होत्या आणि त्या पुसायला मावशीलासुद्धा परवानगी नव्हती.

ग्रामोफोनची तबकडी फिरायची एका पेटीत आणि आवाज यायचा रेडिओतून. रेडिओच्या मागे त्यासाठी भोकं होती, त्यांत वायर खोचली की झालं. हे सगळं वर्षानुवर्षं सुखाने चाललं होतं. मी आले त्याच्या थोडं आधी काकांची तक्रार सुरू झाली होती.

"आवाजाला धार नाही," ते म्हणायचे. "गोधडीखालून गातेय असं वाटतं. शब्द कळत नाहीत."

आम्हाला कळत होते. समोरच्या घरातल्या लोकांनाही कळत असावेत, कारण ते कधी कधी सोबत गुणगुणायचे. पण काकांनी सुई बदलली. मग तीच रेकॉर्ड दुसऱ्या दुकानातून पुन्हा आणली. मग रेडिओच्या तोंडावरचं कापड आवाज अडवतं म्हणून ते ब्लेडने कापून काढलं. मावशीने त्या भोकावर क्रोशाचा रुमाल लावला, तोही त्यांनी काढून फेकला. शेवटी कुठल्याशा इंग्रजी मासिकात त्यांनी वाचलं की सुई धरणारा पिकअप आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये आणखी एक यंत्र लागतं. पिकअपचा अशक्त आवाज ते आधी सशक्त करतं, आणि त्याला एक बटण असतं, ते फिरवलं की आवाजातले बारीक, टोकदार सूर वर येतात. ते बटण म्हणजे ट्रेबल आणि ते यंत्र म्हणजे प्रीअँप्लिफायर. मावशीने पहिल्या दिवसापासून त्याला 'दुसरा डबा' म्हटलं.

मावशीचा धाकटा भाऊ, आमचा हेरंबमामा, टेलिफोनच्या खात्यात इंजिनिअर होता. रविवारी तो जेवायला यायचा. बोलणं हळू आणि मिशा ओठांवर आलेल्या. त्याने पेटी उघडून पाहिली आणि सांगितलं की भाऊजी, तुमचा पिकअप क्रिस्टलचा आहे. तो मुळातच जोरदार आवाज देतो, रेडिओला तेवढा पुरतो. नळाला भरपूर पाणी येत असताना कोणी मध्ये पंप बसवत नाही.

"काय पुटपुटतोस?" काका म्हणाले.

हेरंबमामाने पुन्हा सांगितलं. काकांनी मावशीकडे पाहिलं, मावशीने तेच मोठ्याने सांगितलं, आणि काका उखडले. यांचं दर रविवारी असंच व्हायचं. हेरंब तोंडातल्या तोंडात बोलतो, त्याला काही स्पष्ट सांगताच येत नाही, असं काकांचं मत होतं. आणि भाऊजी आपलं म्हणणं ऐकूनच घेत नाहीत, असं हेरंबमामाचं.

पुढचे काही रविवार तोच वाद. लागतो, लागत नाही. वरण वाढता वाढता मावशी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहायची, म्हणजे निदान एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. त्यामुळे काका आणखी चिडायचे.

मग काकांनी जे केलं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. क्रिस्टलच्या पिकअपला दुसरा डबा लागत नाही हे त्यांनी मान्य केलं, आणि पिकअपच बदलला. बोटीवर काम करणाऱ्या एका मित्राकडून त्यांनी मॅग्नेटिक पिकअप मागवला. तो नाजूक आणि उत्तम असतो, पण त्यातून येणारा आवाज अगदी क्षीण. बसवला आणि रेकॉर्ड लावली, तर रेडिओतून डास गुणगुणावा तसं काहीतरी आलं. काका विजयी मुद्रेने हेरंबमामाकडे वळले.

"आता सांग. आता लागतो की नाही प्री?"

हेरंबमामाने कॉफीचा कप खाली ठेवला, चपला घातल्या आणि तो घरी गेला.

मावशी म्हणाली, "म्हणजे औषध घेता यावं म्हणून आजार विकत आणलात."

लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराला डबा बनवायला दिला. त्याने दिवाळीपर्यंत देतो म्हणून सांगितलं आणि दिवाळीनंतर दिला. तोपर्यंत घरात गाणं बंद. आणला तेव्हा तो गुं करायचा. मग वायर बदल, पत्रा लाव, व्हॉल्व्ह बदल. रेडिओची पाठ कायमची उघडी पडली. डबा ठेवला मावशीच्या शिवणाच्या मशीनवर, कारण तिथून वायर पुरत होती. मावशीची रेडिओवरची दुपारची बायकांची गाणी बंद झाली, शिवण बंद झालं, आणि चुलतबहिणीच्या लग्नातलं पोलकं तिला शिंप्याकडून शिवून घ्यावं लागलं. हे तिने काकांना पुढे अनेक वर्षं ऐकवलं.

अखेर गुं थांबलं. काकांनी ट्रेबलचं बटण धरलं आणि पार शेवटपर्यंत फिरवलं. मी कानांवर हात ठेवले. तापल्या तव्यावर पाणी ओतत राहावं तशी सुईची खरखर, आणि तिच्यातून गाणाऱ्या बाईंचा आवाज, काच घासल्यासारखा. समोरच्यांनी खिडकी लावून घेतली. काका मात्र डोळे मिटून बसले होते, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"आत्ता कुठे स्वच्छ झालं," ते म्हणाले.

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली.

शहरात तोवर वातावरण तापलं होतं. नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला होता. कॉलेज कधी चालू, कधी बंद. जानेवारीच्या सोळा तारखेला संध्याकाळी पंतप्रधान रेडिओवरून मुंबईचा निर्णय सांगणार अशी बातमी आली. आमच्या मजल्यावर रेडिओ आमचाच, म्हणून सगळा मजला आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसला. आणि रेडिओ शिवणाच्या मशीनला तारांनी बांधलेला, पाठ उघडी, पोटातलं सगळं बाहेर.

मावशी इतकी संतापली की तिला बोलता येईना. काकांनी घाईघाईने डब्याच्या तारा सोडवल्या, रेडिओ जोडला आणि त्याचं सुराचं बटणही सवयीने शेवटपर्यंत फिरवलं. भाषण सुरू झालं. खोलीभर नुसते स, श आणि फुत्कार. कोणीतरी म्हणालं, मानकर, जरा बटण मागे घ्या. काकांनी ऐकलं नाही. दुसऱ्याने हात पुढे करून स्वतःच बटण मागे घेतलं. काकांनी ते पुन्हा पुढे नेलं.

"मला ऐकायचंय," ते म्हणाले. "मागे घेतलं की शब्द जातात."

या ओढाताणीत मुंबई केंद्राच्या ताब्यात गेल्याचं वाक्य खोलीतल्या अर्ध्या लोकांना ऐकूच आलं नाही. बाहेर रस्त्यावर आरडाओरडा सुरू झाला तेव्हा त्यांना समजलं. माणसं उठून गेली. जाताना काकांशी कोणी बोललं नाही.

त्यानंतरचे दिवस गिरगावातल्या माणसांना सांगायला नकोत. गोळीबार, अश्रुधूर, संचारबंदी. सकाळी थोडा वेळ बंदी उठायची, तेवढ्यात दूध-भाजी आणायची. अशाच एका सकाळी काका किटली घेऊन दुधाला गेले आणि गर्दीमुळे त्यांना परतायला उशीर झाला. बंदी पुन्हा लागली होती. मावशी आणि मी खिडकीत उभ्या होतो. गल्ली रिकामी झालेली, आणि काका मधोमध शांतपणे चालत येत होते, दूध हिंदकळू नये म्हणून किटलीकडे बघत.

गल्लीच्या तोंडाशी सशस्त्र पोलिसांची गाडी थांबली. शिट्टी वाजली. काका चालत राहिले. पुन्हा वाजली, या वेळी लांबलचक. एक शिपाई गाडीतून उतरून उभा राहिला आणि त्याने बंदूक खांद्यावरून काढून हातात घेतली. सगळ्या खिडक्यांतून माणसं ओरडायला लागली, थांबा, मानकर, थांबा. काकांनी वर पाहिलं. आम्ही हात हलवतोय हे त्यांना दिसलं. त्यांनी किटली या हातातून त्या हातात घेतली आणि आमच्याकडे बघून हात हलवला.

मावशीने खिडकीचा गज इतका घट्ट धरला होता की तिच्या तळव्यावर वळ उमटला.

तेवढ्यात दुसरा शिपाई धावत आला आणि त्याने मागून काकांच्या पोटरीवर काठी मारली. काका खाली बसले. दूध रस्त्यावर गेलं. शिपाई वाकून काहीतरी ओरडला, काकांनी त्याच्या तोंडाकडे पाहून उत्तर दिलं, आणि त्याने त्यांना दंडाला धरून उठवून घराकडे ढकललं. एवढ्यावर निभावलं.

घरी आल्यावर मावशी त्यांच्या पायाला हळद तापवून लावत होती आणि काका धुसफुसत होते. माणसाला आधी सांगायची काही रीत असते. मागून येऊन मारायचं म्हणजे काय. निदान शिट्टी तरी वाजवायची.

मावशीचा हात थांबला.

"वाजली," ती म्हणाली.

"कुठे वाजली?"

"अख्ख्या गल्लीने ऐकली. मी इथे वर ऐकली."

काका म्हणाले, काहीतरीच काय. मावशी उठली, त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "साखर संपत आलीय. शनिवारी आणाल का?"

काका पायाकडे बघत बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी मान वळवून विचारलं, "गेलीस कुठे?"

मावशी रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही, भडकली. आजवर तिला मी इतकी चिडलेली पाहिली नव्हती.

"इतकी वर्षं मी सांगतेय, तुम्ही माझं ऐकत नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, मुद्दाम."

ते काकांना खरोखर ऐकू आलं होतं की नाही कोण जाणे. पण ती त्यांच्या समोर येऊन बोलली होती, त्यामुळे समजलं असणार.

शहर शांत झाल्यावर मावशीने त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले होते, कारण काकांनी वाटेत परत फिरू नये म्हणून मावशीला दोन्ही बाजूंनी माणूस हवा होता. डॉक्टरांनी वेगवेगळ्या सुरांत वाजणारे लहानमोठे लोखंडी चिमटे गुडघ्यावर आपटून त्यांच्या कानाशी धरले. मोठा चिमटा त्यांना ऐकू आला. मधला जेमतेम. धाकटा, बारीक सुराचा, वाजतोय हे मला दाराशी कळत होतं, आणि काका विचारत होते, वाजवा ना, कधी वाजवताय? मग डॉक्टरांनी धंदा विचारला. साचेखातं म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. गिरणीतली अशी पुष्कळ माणसं त्यांच्याकडे येत असत. आवाजाने आधी बारीक सूर जातात, मग हळूहळू बाकीचे. जे गेलं ते परत येत नाही.

"म्हणजे माझा ट्रेबल गेला," काका म्हणाले.

डॉक्टरांना ट्रेबल ठाऊक नव्हता. काकांनी त्यांना तो समजावून सांगितला, बटण, पिकअप, सगळं. बाहेर रोगी खोळंबले होते. डॉक्टर म्हणाले, हो, असंच म्हणता येईल.

चिमटा सदोष आहे, असं काकांनी ट्राममध्ये आम्हाला दोनदा सांगितलं.

कळायचं ते आम्हाला मग एकेक कळत गेलं. साचेखात्यात कोणाचंच बोलणं कोणाला ऐकू येत नाही. तिथे सगळे ओठ बघून आणि हातवारे करून बोलतात. काकाही नकळत तेच शिकले होते, आणि घरात तेच करत होते. समोरून बोललेलं त्यांना सगळं समजायचं, म्हणून कोणाच्या लक्षातच आलं नाही. हेरंबमामाचे ओठ मिशांखाली, म्हणून तो कायम पुटपुटणारा ठरला होता. मावशीने भावाला त्याच दिवशी निरोप धाडला, आणि पुढच्या रविवारी मामा मिशा कातरून आला. त्या दिवशी दोघांचं भांडण झालं नाही. बोलायला विषयच सापडेना, म्हणून ते अवघडून बसून राहिले.

काकांनी ग्रामोफोन बंद केला. दोन-अडीच महिने कपाट उघडलं नाही. संध्याकाळी सदरा घालून खुर्चीत नुसते बसायचे. वादावादी असताना मी वैतागले होते, पण ते नुसतं बसणं त्याहून वाईट होतं. मावशी काही बोलायला गेली की म्हणायचे, समोर ये. समोर गेलं की म्हणायचे, काही नाही.

तोडगा हेरंबमामाने काढला. चोरबाजारात लढाईतल्या सामानात कानाला लावायचे हेडफोन मिळायचे. त्याने एक जोडी आणली, काळी, जड, डोक्यावर पोलादी पट्टी. ती त्याने डब्याला जोडली. रेडिओला जुना क्रिस्टलचा पिकअप परत बसवला, आणि मॅग्नेटिक पिकअप, डबा, हेडफोन असं काकांचं वेगळं संस्थान करून दिलं. ट्रेबल पूर्ण फिरवला तरी आम्हाला काही त्रास नाही. रेडिओला दुसरा डबा लागत नाही आणि भाऊजींना लागतो, असं त्याने एका दमात दोन्ही सांगून टाकलं. आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो, असं काका म्हणाले. मामाने मावशीकडे पाहिलं आणि आपली हत्यारं आवरायला घेतली.

आता नवा ताप. हेडफोन घातला की काका या जगात नसायचे. जेवायला बोलवायचं तर समोर जाऊन हात हलवावे लागत, आणि ते डोळे मिटून बसलेले. मावशीने एकदा वैतागून डब्याची वायरच उपटली. तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि व्हॉल्व्ह उडाला म्हणून दुरुस्तीला बसले. पान वाढून ठेवलेलं गार झालं.

पुढे मामानेच एक मायक्रोफोन आणला. त्याचाही आवाज अशक्त, म्हणून तोही डब्यालाच जोडायचा. त्याने तो मावशीच्या हातात दिला आणि काहीतरी वाच म्हणाला. टेबलावर वर्तमानपत्र होतं. मावशीने अवघडत सभेची बातमी वाचायला घेतली. काका एकदम ताठ बसले. त्यांनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला.

"सुमती, थांब. मागचं वाक्य पुन्हा वाच."

तिने वाचलं.

"तू स अजून तसाच म्हणतेस," काका म्हणाले. "लग्न झालं तेव्हा म्हणायचीस तसा."

मावशी लाजली, आणि ती चूक तिला महागात पडली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखवणं तिच्या गळ्यात पडलं. बातम्या, अग्रलेख, कापसाचे भाव, बोटींच्या वेळा, जाहिरातीसुद्धा. सत्याग्रह झाले, गुजरातसकट द्विभाषिक राज्य आलं, निवडणुका झाल्या, संयुक्त महाराष्ट्रवाल्या समितीची माणसं निवडून आली, शेवटी द्विभाषिक मोडायचंही ठरलं, सगळं मावशीने त्या मायक्रोफोनमध्ये वाचलं. वर काका तिचे उच्चार सुधारायचे, कारण आता त्यांना ते ऐकू येत होते. 'श' नीट म्हण, पोटफोड्या 'ष' वेगळा असतो. ती मायक्रोफोन आपटून स्वयंपाकघरात जायची आणि दहा मिनिटांनी परत येऊन बसायची.

गिरणीत काकांनी साचेवाल्यांच्या कानांत कापूस घालायचा प्रयत्न केला. दौलत नावाचा घोडपदेवचा एक जुना साचेवाला होता, मालवणकडचा. त्याला त्यांनी सगळं समजावलं. तो म्हणाला, "माग बिघडलो तां कानानूच कळतां, सायब. कान बंद केले तर माग कोणी बगूचो?" काका घरी येऊन दौलतवर खूप चिडले. पण स्वतःसुद्धा त्यांनी कापूस आठवडाभरच घातला. त्यांनाही माग ऐकूनच कळायचे. नव्याने कामाला लागलेल्या पोरांना मात्र ते रिटायर होईपर्यंत दटावत राहिले. काहींनी कापूस घातला, काहींनी त्यांची पाठ वळल्यावर काढून टाकला.

साठ साली महाराष्ट्र झाला त्या आठवड्यात दादरला मोठी सभा होती. काकांनी जायचा हट्ट धरला. मावशीने परोपरीने सांगितलं की तिथे डबा नेता येणार नाही, तुम्हाला काही कळणार नाही. ते म्हणाले, दिसेल तरी. मग आम्ही तिघं गेलो.

सगळीकडे दिव्यांच्या माळा, आणि माणसं इतकी की पाय ठेवायला जागा नाही. व्यासपीठ लांब. वक्ता ठिपक्याएवढा, त्याचे ओठ दिसायचा प्रश्नच नव्हता. कर्ण्यांतून आवाज घुमत होता. काका टाचा उंचावून बघत होते.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

मावशीने त्यांना दंडाला धरून दिव्याखाली ओढलं, व्यासपीठाकडे पाठ केली आणि त्यांच्याकडे तोंड करून वाक्य सांगितलं. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं. कर्णा आणि ती, दोघंही बोलत होते. मागच्या एका गृहस्थांनी तिला हळू आवाजात सांगितलं, बाई, जरा भाषण ऐकू द्या.

"मग ऐका की," मावशी म्हणाली. "मी काय नको म्हटलंय?"

तेवढ्यात टाळ्या पडल्या. या गडबडीत तिचं एक वाक्य सुटलं होतं. काकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजवता वाजवताच तिला विचारलं, या कशासाठी.

"आता मलासुद्धा माहीत नाही," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य पकडायला तिने पुन्हा कर्ण्याकडे कान केला.